शेजारणीचा बर्फ

सोलापुरात बर्फ पडलेला एकाच बाईने पाहिला आहे, आणि ती आमच्या शेजारी राहायची. इतरांना तो दिसत नसे, एवढंच. तिचा नवरा पलटणीत आचारी. त्याच्याबरोबर तिने क्वेट्ट्याला, बर्फाच्या मुलखात, बरेच हिवाळे काढले. तो गेल्यावर ती सोलापुरात भावाकडे आली आणि आमच्याबरोबर गिरणीत सूत गुंडाळायला लागली. पण पाय तिचे तिकडेच राहिले. थंडी सुरू झाली की ती वहाणांना गोणपाट बांधायची आणि हात जरा फाकवून, लहान लहान पावलं टाकत बदकासारखी चालायची. उजाडायच्या आत दाराबाहेर चुलीतली राख फेकायची आणि वाटेसाठी डबाभर बरोबर घ्यायची. तिकडे म्हणे राख टाकल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. ती राख उडून माझ्या सड्यावर यायची. बोलले तर म्हणायची, "पाय मोडल्यावर सडा कोन घालणार, वैनी?"

मला तिचा राग होता, तो राखेचा नव्हे. आमच्या आळीत पुणं पाहून आलेली बाई मी एकटी. पर्वती आणि तिथला बाजार यांवर माझी चार वर्षं मानाने निघाली असती. ही आली आणि पुणं दोन दिवसांत शिळं झालं. नळावर सगळ्या बायका हिच्याभोवती. बादलीतलं पाणी दगड होतं, दार बर्फाने बुजतं, नवरा फावड्याने वाट काढून कामाला जातो. "थापा हायत," मी म्हणाले. एकीनेही मान वळवली नाही.

त्या पौषात एकदा विणकरांच्या गल्लीत सुताला लावायच्या खळीची कढई उलटली आणि गारठ्यात ती पेज उतारभर थिजून बसली. गिरणीची आमची वाट तीच. माझ्या पुढे चाललेली एक मावशी पहिल्याच पावलाला आपटली आणि बसूनच खाली गेली. पहिला भोंगा झालेला. दुसऱ्याला फाटक बंद. लेकाच्या तापात माझे खाडे झाले होते, आणि मुकादमाने बजावलं होतं, अजून एक खाडा झाला की नाव कमी. वळसा घालायला वेळ नव्हता.

मागून ती आली. डब्यातली राख शिंपडली आणि हात पुढे केला. तो धरणं माझ्या जिवावर आलं.

"लोक बघत्यात," मी म्हणाले.

"बघू द्या की. पडलात तर लई बघतील. टाच आपटू नका. सगळं पाऊल टेकवा, माझ्या मागनं या."

दोन बदकं उतरली. फाटकातून आत शिरलो आणि दुसरा भोंगा झाला. दुपारी भाकरीला सगळ्या जणी तिलाच मधे घेऊन बसल्या. माझं काम वाचलं होतं, तरी जळायची ती मी जळतच होते. मला वाचवायचं तर तेही हिनेच.

संध्याकाळी परतताना ती माझ्याजवळ आली. "वैनी, ते पुणं सांगा की."

"तुमी क्वेट्टा बघितलंय. तुमाला पुण्याचं काय?"

"पुण्यावरनं जाताना गाडीत झोपलेले. येताना रडत होते. कुटं बघितलं?"

मग घर येईपर्यंत मी पुणं सांगितलं, काही राखलं नाही. पर्वतीच्या पायऱ्यांशी तिने मला थांबवलं. "थंडीत राख टाकत्यात का त्यांच्यावर?"

"टाकत्यात," मी म्हणाले. तिला बरं वाटलं.

पुढल्या थंडीआधी भावाबरोबर ती करमाळ्याला गेली. आता माझा सडा स्वच्छ राहतो. पुणं मात्र मला पुन्हा कोणी मागितलं नाही.