दुपारची तार

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण लोंबलेली दोरी ओळखायला मला कुणाची शिकवणी लागत नाही. नवघरच्या जुन्या वस्तीत आमच्या घराण्याने बोंबीलच सुकवले. बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायची. ओल्या मासळीच्या वजनानं दोरी मध्ये लोंबते, मासळी सुकली की वर येते.

आमच्या अंगणावरून विजेच्या उघड्या तारा जायच्या. पूर्वी त्यांच्यावर गावातले दिवे आणि पंखे चालत. दोन हजार सालानंतर आजूबाजूला चाळी, दुकानं, इमारती उठल्या, खिडकीखिडकीत एसी आले. खांब तेच, तारा त्याच, करंगळीहून बारीक. बारीक तारेतून जास्त वीज ओढली की ती तापते, तापलेला धातू लांबतो, आणि दोन्ही टोकं खांबाला बांधलेली तार लांबून जाणार कुठं? खालीच. आमची दोरी मासळीनं लोंबायची, ही तार अंगावर कावळा नसतानाही लोंबायची. उन्हाळ्यात दुपारी तर हातभर.

इमारतींनी अंगण अर्धं खाल्लं, म्हणून धाकट्या भावानं त्या उन्हाळ्यात एक दोरी वर चढवली. बांबू आम्ही नेहमी पहाटे गारव्यात रोवतो, तसेच रोवले.

मी म्हणालो, "तारेला लागंल रं."

"दादा, मधी तू उभा ऱ्हाशील येवढी जागा हाय. डोळं गेलं का तुजं?"

बायका हसल्या. मी वर बघितलं. जागा होती.

मासळी दुपारी आली. भरलेली वरची दोरी जमिनीकडं झुकू लागली, तसा भाऊ तिला टेकू द्यायला एक बांबू घेऊन आला. चिरू नये म्हणून बांबू आम्ही खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवून ठेवतो. तो ओला बांबू त्यानं उभा केला आणि वरचं टोक तारेला लागलं. तो ओरडलासुद्धा नाही. खालच्या दोरीवर पडला आणि बोंबलांसकट जमिनीवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीजवाले आले. लाइट बंद केली, खुणांची काठी लावून तारेची उंची मोजली. साहेब म्हणाला, "उंची नियमात आहे. बांबू तुमच्या भावानं वर नेला. त्याचा हलगर्जीपणा."

"साहेब, बंद तार गार असते. लाइट चालू ठेवा आणि दुपारी दोनला या."

"काका, चालू तारेखाली माप कोण घेणार?"

"माझा भाऊ चालू तारेखालीच होता."

त्याच्याबरोबरच्या वायरमननं हे सगळं लिहिलेला कागद माझ्यापुढं धरला, म्हणाला, "चाचा, साइन कर दो ना. जानेवाला तो गया."

मला सही येते, अंगठा नाही लावत मी. पण त्या कागदावर नाही केली. पदराआडून भावजय म्हणाली, "भाऊजी, नका करू. त्याला येडा ठरवत्यात."

साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तारेवर भार जास्त आहे, ती बदलायला हवी, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कागदावर माप सकाळचंच लागणार."

मी दुपारी दोनला अंगणात खुर्ची टाकून बसलो. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसलो. वर एसी घुरघुरत होते, तार खाली येत होती, आणि भावजय तिच्याखालून वाकून बांबू उपटत होती.

पावसाआधी आमच्या गल्लीतल्या उघड्या तारा काढून जाड काळी केबल टाकली. तिच्यावर रबर असतं, लोंबून हात लागला तरी झटका बसत नाही. काम करणाऱ्यांना मी विचारलं, उंची नियमात होती तर तार का बदलताय? ते म्हणाले, "वरून ऑर्डर आहे." हलगर्जीपणा मात्र भावाच्या नावावर तसाच राहिला, माझ्या सहीवाचून राहिला.

पलीकडच्या इंद्रलोक वसाहतीतली माणसं अजून सुके बोंबील न्यायला येतात. एखादा विचारतो, "तारेला बांबू लावणारा तो तुमचाच भाऊ ना?" त्याला मी मासळी देत नाही. साहेबाला म्हणालो तेच म्हणतो, दुपारी दोनला ये.