शेठजींचं समुद्राचं गाव

वेल्समधल्या एका चिमुकल्या समुद्रकाठच्या गावात फिरायला काय काय आहे, हे तिथल्या नगरपालिकेपेक्षा नीट कुणाला ठाऊक असेल, तर ते शेलूबाजारच्या आमच्या कापडवाल्या शेठजींना. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे ही माहिती मला सकाळच्या चहाबरोबर आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुपारीही मिळते. शेलूबाजारातून वेल्सला आजवर शेठजींखेरीज कुणी गेलेलं नाही आणि कुणी जाण्याची चिन्हंही नाहीत. तरी पण आमच्याकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा तिथली कोळशावरची छोटी आगगाडी कुठून सुटते आणि डोंगरावर चढायचं झालं तर कोणत्या खिडकीशी बसायचं, हे तोंडपाठ आहे. त्या गावाचं खरं नाव मात्र शेठजी घेत नाहीत. त्यात अक्षरं फार आहेत म्हणतात. ‘आपलं समुद्राचं गाव’ एवढंच.

सांगण्याची त्यांची तऱ्हा कापडवाल्याची. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर ते आधी निळ्या पॉपलिनचा ताका सोडतात, तो समुद्र. त्याला लागून खाकी ड्रिल, ती वाळू. हिरव्या खणाची घडी म्हणजे डोंगर, आणि त्यावर उभं केलेलं दोऱ्याचं रीळ म्हणजे पडका किल्ला. मीटरची लोखंडी पट्टी समुद्रात आडवी टाकली की झाला लाकडी धक्का; त्यावर चालत टोकापर्यंत जायचं, वारा खायचा आणि परत यायचं. ‘एवढ्यासाठीच बांधला?’ असं मी एकदा विचारलं, तर मी धक्क्याचा अपमान केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भरती-ओहोटी दाखवायची तर पॉपलिन पुढे-मागे ओढतात. एकदा परकराला कापड घ्यायला आलेल्या एका बाईंनी बराच वेळ भरती पाहिली आणि मग म्हणाल्या, ‘शेठजी, हेच द्या.’ शेठजींनी कात्री घेतली आणि समुद्र फाडून दिला. संध्याकाळपर्यंत किनारा ओसाड होता.

तिथली एकेक मौज सांगताना त्यांना वेळेचं भान राहत नाही. धक्क्याच्या कडेला बसून पोरं दोरीला खाऊ बांधतात आणि खेकडे वर ओढून बादलीत जमा करतात. खेळ संपला की खेकडे परत पाण्यात. आमचे शेठजी पक्के जैन, खेकडे परत सोडल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. उन्हात, वाऱ्यात, कानटोपी घालून बादलीकडे टक लावून उभे. शेवटी पोरांनाच त्यांची दया आली असावी, कारण बादली रिकामी करायचा मान रोज त्यांनाच मिळू लागला. पुढे सीगलची गोष्ट. हा पांढरा धिप्पाड पक्षी आला आणि त्यांच्या हातातला खाकरा घेऊन गेला. ‘इतकी वर्सं दुकानात बसलो,’ शेठजी सांगतात, ‘पन भाव न इचारता माल नेनारं गिऱ्हाईक पयल्यांदा पाह्यलं.’ त्यानंतर ते त्या पक्ष्यासाठी रोज वेगळा खाकरा न्यायचे. उधारीपेक्षा दान बरं, असा त्यांचा हिशेब.

आणि तिथला उन्हाळ्यातला सूर्य तर त्यांचा विशेष लाडका. सूर्यास्तानंतर शेठजी पाणीही घेत नाहीत, आणि तिथे तो नऊ वाजले तरी मावळायचं नाव घेत नाही. असला सोयीचा सूर्य जैनांना सोडून त्या लोकांना कसा मिळाला, याचा उलगडा त्यांना अजून झालेला नाही.

आता माणूस विचारेल, लेकीला भेटायला गेलेल्या बापाला गावाची इतकी माहिती व्हायचं कारण काय? कारण असं, की ते लेकीच्या घरी बसतच नव्हते. लेक तिथल्या दवाखान्यात डॉक्टर, जावईबापू कॉम्प्युटरवाले. घर छान, समुद्रासमोर. पण मुलीला मूलबाळ होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा शेठजींच्या घराण्याचा नेम. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल झालेलं नव्हतं. शेठजींनी नेम घेऊनच विमान गाठलं. बॅगेत खाकरे, मुगाचे लाडू, भाजलेले पोहे. तिथे झोपायचं की नाही, यावर त्यांनी स्वतःच निकाल दिला होता: झोपलं म्हणजे काही खाल्लं नाही. आंघोळीचं पाणीही पोटात जात नाही, म्हणून तेही चालतं. जेवायला मात्र समुद्रकाठचा बाक, कारण बाक नगरपालिकेचा. पिण्याचं पाणी किनाऱ्यावरच्या नळाचं. आणि दिवसातून तीनदा बाहेर जायचंच, तर मधल्या वेळात घरी येऊन काय करायचं? म्हणून किल्ला, आगगाडी, खेकडे, खडकावर लोळणारे सील, सगळं पाहून झालं. काही गोष्टी दोनदोनदा झाल्या.

या सगळ्या गमती ते भर दुकानात सांगतात. पुढची मात्र त्यांनी मला एकट्याला सांगितली. त्या दुपारी बाजारातली लाईट गेली होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. ते समुद्राची घडी घालत होते, माझ्याकडे पाहतही नव्हते.

परत निघायच्या आदल्या संध्याकाळी तिकडे पाऊस आला, आडवा, छत्री उलटी करणारा. शेठजी नेमाप्रमाणे बाकावर, प्लॅस्टिक पांघरून, डबा मांडीवर. लेक ड्यूटीवरून आली. घरात गेली नाही, तशीच येऊन त्यांच्या शेजारी बसली. केसांतून पाणी गळत होतं. ते म्हणाले, तू आत जा, भिजून राह्यली. ती उठली नाही. समुद्राकडे पाहत म्हणाली, ‘पप्पा, तुमी गावातलं सगळं पाह्यलं. माहं घर तेवढं राह्यलं.’

शेठजींनी प्लॅस्टिकचं एक टोक तिच्या डोक्यावर ओढलं. मग तिने हळूच विचारलं, ‘मले लेकरू झालंच नाई, तर तुमी माह्या हातचं कधीच खानार नाई काय?’

‘मले वाटे, नेम माहा आहे,’ शेठजी मला म्हणाले. ‘तो तिले टोचून राह्यला, हे मले दिसलंच नाई.’

त्यांनी डबा बंद केला आणि तिच्या मागोमाग घरात गेले. आधी टॉवेलने तिचं डोकं पुसलं. तिने घाईघाईत मुगाची खिचडी टाकली. सूर्य मावळायला अवकाश होता, तरी ती सारखी खिडकीकडे पाहत होती, त्यामुळे खिचडी खाली लागली. शेठजींनी दोनदा मागून घेतली आणि वर ते तिच्याच घरचं तांब्याभर पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं.

तेव्हापासून दुकानात एक नवीन खोड सुरू झाली आहे. कुणी बाप लेकीसाठी साडी घ्यायला आला, की शेठजी आधी विचारतात, तिच्या घरी जेवून येशील का. तो नेम-रिवाजाच्या गोष्टी सांगू लागला, की साडी गादीवर तशीच पडून राहते, बांधून मिळत नाही. परवा एक जण चिडून निघाला, मंगरूळच्या जीपमध्ये बसला आणि जीप भरायला वेळ लागला म्हणून उतरून परत आला. जेवीन, म्हणाला. तेव्हा कुठे त्याला साडी मिळाली.

काल सकाळी चहा घेताना मी त्यांना सहज विचारलं, पुन्हा तिकडे गेलात तर या खेपेला काय काय पाहाल? मला वाटलं, आता ते ताका सोडतील. त्यांनी कप खाली ठेवला.

‘काईच नाई,’ ते म्हणाले. ‘तिच्या घरात बसून राहीन.’

डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास आता कायमचा बंद केला आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी विचारलं होतं, आणि तरी त्यांनी सांगितलं.