चर्चच्या दारावरची पक्षीण

निजामाच्या अमलातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. उमरग्याजवळच्या आमच्या गावात कॅथलिकांचं चर्च उभं राहत होतं. आमच्या घरानं नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि दारावर बसवायच्या चिन्हाची शिळा घडवायचं काम वडिलांकडे आलं. ते पाथरवट. हयात पाटे-वरवंटे आणि नंदी घडवण्यात गेलेली.

पाद्रीसाब गोव्याकडचे. त्यांच्याजवळ चित्र नव्हतं, नुसतं तोंडी सांगितलं. खाली नांगर, म्हणजे आशा. वर पक्षीण आणि तिची पिल्लं, म्हणजे प्रेम. नांगर म्हटल्यावर वडिलांनी रुमण्या-फाळासकट शेतातला नांगर कोरला. जहाजालाही नांगर असतो, हे समुद्र न पाहिलेल्या माणसाला कसं कळावं? पाद्रीसाब पोट धरून हसले. म्हणाले, "राहू द्या. तुमची आशा हीच."

मीही हसले. नऊ वर्षांची होते. आई तेवढी हसली नाही. तीन महिन्यांपूर्वी आमचं तान्हं गेलं होतं. आई तापातून उठली तेव्हा तिचं दूध आटलेलं होतं, आणि शेळीचं बाळाला सोसलं नाही.

शिळा बसली त्या दिवशी आईनं वर पाहून विचारलं, "ही काय करायलीय?"

"पक्षीण आहे. पिल्लं उपाशी मरू नयेत म्हणून आपली छाती फोडून त्यांना रक्त पाजते," पाद्रीसाब म्हणाले.

घरी येऊन भाकरी थापता थापता आई म्हणाली, "माझ्या अंगावर दूध न्हवतं. रगत तर व्हतं की."

त्यानंतर ती मोठ्या दारानं कधी आत गेली नाही. बाजूच्या अरुंद दारानं जायची. लोक म्हणत, किती लीन बाई.

पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात मला कळलं, की तो पक्षी म्हणजे ख्रिस्त. तिथं आई कुणी नाहीच. पाद्रीसाबांनी 'पक्षीण'ऐवजी 'पक्षी' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी धावत जाऊन आईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बाळ माझ्या मांडीवर गेलं होतं आणि मला कुणावर तरी रागवायचं होतं; समोर आईच होती. पुढे राग ओसरला, पण इतक्या उशिरा सांगायला तोंड उरलं नाही. अजूनही चुलीपाशी बसले की तिचं ते वाक्य मागून ऐकू येतं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी आई गेली. शवपेटी बाजूच्या दारातून जाईना. खांदेकरी मोठ्या दाराकडे वळले तेव्हा मी आडवी आले, त्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत पेटीवर वाकले.

"आये, ती तू न्हवंस. त्यो देव हाय."

मग आम्ही तिला त्या पक्षिणीखालून आत नेलं.