बिबट्याच्या तिसऱ्या फाट्याचा पंचनामा

मी जनावरांचा डॉक्टर. पिशोरला नोकरी करता करता पीएचडीला नाव घातलं. विषय, जंगली मांसाहारी प्राण्यांच्या मोठ्या धमन्या. सासरे पाहुण्यांना सांगायचे, "जावई हार्टवर संशोधन करतात." कुणाच्या हार्टवर, ते चहाबरोबर गिळून टाकायचे.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला माणसात तीन फाटे फुटतात, गाईत एकच, आणि कोल्हा, तरस, बिबट्या या मंडळींत दोन. हे पुस्तकात कधीचंच छापलेलं आहे. तरी वनखात्याची परवानगी काढून मी चार वर्षं गाडीखाली आलेले कोल्हे चिरत होतो आणि दरवेळी दोनच मोजत होतो.

मग एका सकाळी मक्यात बिबट्या मेलेला सापडला. म्हातारा होता, आपल्या मरणानं गेला. शवविच्छेदन माझ्याकडं आलं. शेताची मालकीण साठीची बाई. वनपालांनी तिलाच पंच केलं. बाकी गाव नाकाला फडकं लावून लांब, आणि ही माझ्या खांद्यावरून डोकावतेय.

"काय हुडकू राहिले, डाक्टर?"

"रक्ताच्या नळीचे फाटे मोजतोय, मावशी. दोन असतात."

ती वाकली. "तीन हायेत की."

"दोनच असतात."

"असतेन. याला तीन हायेत."

मोजले. तीन होते! चार वर्षांत पहिल्यांदा पुस्तकाबाहेरचं काही सापडलं, तेही मला नाही. घाईत तीन फोटो काढले, तिन्हींत माझा हातमोजाच आला. वनपालांकडं हृदय मागितलं.

"साहेब, तुमची परवानगी कोल्ह्यांची. याचा मिशीचा केससुद्धा ठेवता येत नाय. सगळं जाळायचं."

लाकडं रचून झाली, पंचनामाही झाला. मावशी सही करेना.

"तीन नळ्यांचं कुठं लिव्हलं? मी पाह्यलं ते लिव्हा, मंग सही."

वनपालांनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं, 'हृदयावरील मोठ्या नळीस तीन फाटे असल्याचे पंचांनी समक्ष पाहिले.'

माझे गाईड हर्सूलला राहायचे. फोटो बघून म्हणाले, "ही हातमोज्याची अनॅटॉमी आहे. मोजण्यात चुकलास." मी गुपचूप पंचनाम्याची प्रत पुढं सरकवली. गोल शिक्का दिसताच सरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला.

"सरकारी आहे रे. आता नाही कसं म्हणायचं?"

कागद परिशिष्टात गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या कोल्ह्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "या पंच बाई शरीरशास्त्र कुठं शिकल्या?"

मला पदवी मिळाली. पेढे घेऊन मावशीकडं गेलो. ती कणसं सोलत बसली होती.

"मावशी, डॉक्टर झालो."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "आत्ता झाले? मंग इतके दिवस आमच्या म्हशीला सुया कोन टोचत व्हतं?"