पोळ्यापर्यंत थांबलेले गोऱ्हे

पोळा झाल्याशिवाय बैल दाराबाहेर काढायचा नाही, असा एक नियम मी जर्मनीत तयार केला. आपल्याकडे तो कुणी पाळत नाही, कारण तो नाहीच. पासष्टीची पोरसवदा होते मी. स्वतःला फार हुशार समजायचे.

ज्यांच्या गळ्यात मी तो बांधला, ते आमचे शेजारी, गोठेवाले. वोल्फ्सबुर्गजवळच्या त्या खेड्यात ते मांसासाठी गोऱ्हे पोसायचे. सुरुवातीला मी नाक मुरडून त्यांच्या बाजूची खिडकीच लावून घेतली. पण मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत. दिवसभर घरात बोलायचा तो फ्रिज. महिन्याभरात मीच कुंपणाशी जाऊन गोऱ्ह्यांचं हंबरणं ऐकत उभी राहायला लागले. त्यांचंही घर रिकामंच, बायको गेलेली, मुलगी हॅनोव्हरला. घरात नातवंडं मला आजी म्हणतात, म्हणून त्यांनी ते माझं आडनाव धरलं. "मोर्गेन, फ्राउ आजी!"

माझ्या मोडक्या जर्मनला ते कधी हसले नाहीत. बोलता बोलता एखाद्या गोऱ्ह्याच्या शेपटीच्या मुळाशी हात दाबून बघायचे. तिथं चरबी लागली की त्याची निघायची वेळ झाली.

"अजून जाड होऊ द्या की, वजन वाढेल," मी शहाणपणा केला.

"गोऱ्हा रोज खातो, फ्राउ आजी, आणि पैसे एकदाच देतो." हे त्यांचं पालुपद. वेळ टळली की चारा मांसाऐवजी चरबीत जातो, आणि जास्तीच्या चरबीचे कत्तलखानेवाले पैसे कापतात. "बरं झालं, तुम्ही शेतकरी नाही!"

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी ते म्हणाले, "ही शेवटची खेप. वासरं इतकी महाग झालीत, की पोसून विकली तरी मुरवलेल्या चाऱ्याचा, मुरघासाचा खर्चसुद्धा निघत नाही." ट्रक सोमवारी यायचा होता. त्यानंतर मी कुणाकडे बघत उभी राहणार होते? तेव्हा मी तो नियम काढला. वर हात जोडून डोळेही मिटले.

त्यांनी टोपी मागे सारली. "आल्झो गूट, बरं तर. हा तुमचा पोळा कधी?"

पोळा पुढच्या महिन्यात होता. तोवर गोऱ्हे खात राहिले आणि आम्ही दोघं रोज कुंपणाशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. व्हायचं तेच झालं, चरबीचे पैसे कापले गेले. मुलगा माझ्यावर भडकला, "आई, त्यांचं केवढं नुकसान केलंस!" नातीनं जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं, बरं झालं, कळलं नाही.

थंडीत गोठेवाले मुलीकडे राहायला निघाले. सामान गाडीत चढत होतं. मी चार वाक्यं पाठ करून गेले आणि नियम खोटा होता, हे सांगून टाकलं. नुकसान भरून देईन, असंही म्हटलं.

त्यांनी हातमोजा काढून माझा हात हातात घेतला.

"नको, फ्राउ आजी. रिकाम्या गोठ्यात उभं राहायची सवय मला करायचीच होती. तुमच्यामुळे ती जरा उशिरा सुरू झाली."