चेंडूवरचा आकडा

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की कर्वेनगरातल्या सोसायट्यांची बायकांची बॉक्स क्रिकेट स्पर्धा आहे, आठ जणी हव्यात. दोन दिवसांत सात नावं आली. आठवं नाव माझं पडलं, कारण त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये आमची कॅप्टन भेटली आणि चार मजले एकत्र जायचे असताना मला नाही म्हणायला सुचलं नाही.

कॅप्टन सव्वीस वर्षांची. नागपूरची मुलगी, आयटीत नोकरी, चौथ्या मजल्यावर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. कॉलेजच्या टीममधून खेळलेली.

"ताई, लहानपणी थोडंफार खेळल्या असाल ना तुम्ही?" तिने विचारलं.

"लंगडी," मी म्हटलं.

"चालते," ती म्हणाली आणि फोनमध्ये माझं नाव टाकलं.

माझं वय सत्तेचाळीस. गेली एकवीस वर्षं मी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर आहे, त्यातली बरीचशी माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा जो आवाज तिथे ऐकू येतो, तो दिवसपाळीत बहुधा माझा असतो. बॅट मी त्याआधी एकदाच हातात धरली होती, माळ्यावरचं कोळिष्टक काढायला.

आमच्या रस्त्यावर एक जिम आहे. पुढे वजनं आणि आरसे, मागे पत्र्याच्या शेडखाली तीन नेट. नेट म्हणजे जाळीची लांबट खोली, खाली हिरवी मॅट, एका टोकाला स्टंप आणि दुसऱ्या टोकाला बोलिंग मशीन. मशीनला दोन चाकं असतात. ती उलटसुलट फिरतात, वरून चेंडू सोडला की चाकांच्या मधून तो सुटून येतो. कॅप्टनने मधलं नेट आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहा ते सात, असं ठरवून टाकलं. आठातल्या चौघी नियमित यायच्या. दोघी कॉलेजातल्या होत्या, त्या आलटूनपालटून. उरलेल्या दोघींची बॅट फक्त फोटोत दिसली.

नेटवरचे सर साठीच्या आसपासचे होते. पांढरी टोपी, कमरेला टॉवेल आणि बोलणं फार कमी. पहिल्या दिवशी आम्हाला पॅड बांधायला दहा मिनिटं लागली, तोवर ते घड्याळाकडे बघत उभे होते.

"झालं का नेसून?" ते म्हणाले. "या आता."

सर्वांत आधी भाभी गेली. भाभी आमच्या तळमजल्यावर राहते, मुलींचे ड्रेस आणि ब्लाउज शिवते. तिचं माहेर मंडईजवळचं, चार पिढ्या तिथल्याच, आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा पेठेतलं. तिने पहिले पाच चेंडू सोडले. कसे येतात ते बघत होती. सहावा तिने असा मारला की शेडचा पत्रा वाजला आणि जिममध्ये ट्रेडमिलवर धावणारे एक आजोबा थांबून बघायला आले.

"आधी कधी खेळलाय?" सरांनी विचारलं.

"नाही. पण तीन भावांत एकटी वाढलीय," भाभी म्हणाली.

मग माझी पाळी. हेल्मेट घातल्यावर माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. मशीन सगळ्यात कमी वेगावर ठेवलं होतं. सरांनी हात वर करून चेंडू दाखवला, मशीनमध्ये सोडला, चाकांचा आवाज बदलला आणि धप्प करून काहीतरी मागच्या जाळीवर आदळलं. बॅट मी फिरवली होती, पण बरीच नंतर. दहा चेंडू झाले. दहाही मागे.

कॅप्टन जाळीबाहेरून फोनवर व्हिडिओ घेत होती. आम्ही सगळ्या डोकी एकत्र करून तो बघायला लागलो. मग कॅप्टनने तो हळू करून पुन्हा लावला.

"ताई, तुम्ही तर डोळे मिटून राहिल्या," ती म्हणाली.

खरंच होतं. चेंडू मशीनमधून सुटला की माझे डोळे गच्च मिटत होते आणि धप्प झालं की उघडत होते. दहाच्या दहा वेळा. मला याची कल्पनाच नव्हती. मी चेंडू बघतेय असं मला शपथेवर वाटत होतं.

सरांनीही फोनमध्ये डोकावून पाहिलं. "चेंडू येताना आपण देवाचं नाव घेता का?"

"नाही हो."

"मग उघडे ठेवायला हरकत नाही. मशीनचं तुमच्याशी काही वैर नाहीये."

हसू सगळ्यांना आलं, मलाही आलं. पण त्या दिवशी ड्यूटीवर जाताना बसमध्ये मी मनातून खट्टू होते. सत्तेचाळीस वर्षांत अजून कशाकशापुढे मी असे डोळे मिटत आले असेन आणि कोणी व्हिडिओ काढला नसेल, असं काहीतरी डोक्यात येत राहिलं. संध्याकाळी स्वयंपाक करताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोडून दे मग, कोणी सक्ती केलीय का?" त्याने ते मायेने म्हटलं होतं, पण त्यानंच माझं जायचं पक्कं झालं.

पुढचे तीन दिवस डोळे मिटतच राहिले. उघडे ठेवायचे असं ठरवून ते उघडे राहत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सर म्हणायचे, "बघा." मी म्हणायची, "बघतेय." आणि चेंडू मागे.

उपाय भाभीने काढला. पाचव्या दिवशी ती घरून जाड मार्कर घेऊन आली आणि मशीनच्या पिवळ्या चेंडूंवर सगळीकडून मोठाले आकडे काढायला लागली. एका चेंडूवर सगळीकडे दोन, दुसऱ्यावर सगळीकडे पाच, असे.

"अहो, काय चाललंय?" सर म्हणाले.

"ताईंना बॅट देऊ नका," भाभी म्हणाली. "त्यांना नुसतं उभं करा आणि आकडा वाचायला सांगा. ह्यांचं कामच ते आहे. बाकी सोडा, पण वाचायचं म्हटलं की ह्या डोळे मिटणार नाहीत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, चेंडूंकडे पाहिलं. "चेंडू पुसून द्यायचे नंतर," एवढंच म्हणाले.

तर मी पॅड, हेल्मेट, सगळं घालून, हातात काहीही न घेता, स्टंपच्या जरा बाजूला उभी राहिले. स्टँडवर मी रोज तेच तर करत होते. गाडी वळणावर दिसली की तिची पाटी वाचायची, आणि गाडी फलाटाला लागायच्या आत बोलायचं. पहिला चेंडू आला. वाचता आला नाही, पण तो पिवळा होता हे दिसलं. याआधी तेवढंही दिसलं नव्हतं. दुसरा आला. तिसरा आला. चौथ्याला माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सात."

"सातच होता," जाळीमागून चेंडू उचलत कॅप्टन म्हणाली.

"दोन," मी म्हटलं. मग "पाच." मग पुन्हा "पाच." माझा आवाज चढत गेला, तो माइकवरचा आवाज झाला. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, "काकू, फलाट पण सांगा ना." मी चेंडूवरची नजर न काढता म्हटलं, "आठ क्रमांकाची गाडी, मागच्या जाळीला लागत आहे." शेजारच्या नेटमधली मुलं खेळायची थांबली. सर तोंड फिरवून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते.

वीस चेंडूंपैकी चौदा आकडे मी बरोबर सांगितले. एकदाही डोळे मिटले नाहीत.

"आता बॅट घ्या," सर म्हणाले. "पण मारायचं नाही. आकडा वाचायचा आणि बॅट मध्ये धरायची."

मी तसंच केलं. "तीन," म्हटलं आणि बॅट पुढे केली. टक्. चेंडू माझ्या पायाशी पडला आणि जरा गरगरून थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यावर तीनच होता.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांबद्दल काय सांगू. मला अलार्मची गरज पडेनाशी झाली. सव्वापाचला जाग यायची आणि आधी दुखरे हात आठवायचे, मग कुठला वार आहे ते. कांदा चिरताना माझा डावा पाय पुढे पडायचा. चेंडू बॅटच्या बरोबर मध्यावर बसला की हाताला काहीच लागत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कडेला लागला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात, आणि मध्यावर लागला तर जणू काही झालंच नाही, फक्त एक गोल, भरीव आवाज होतो आणि चेंडू तिकडे गेलेला असतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी सरांकडे पाहिलं. ते पुढचा चेंडू हातात घेऊन उभे होते.

"वाट कसली बघताय? आहेर करू का?" ते म्हणाले. पण त्यांनी मशीनचा वेग एक आकडा वाढवला.

भाभी दर दिवशी पत्रा वाजवत होती. कॅप्टन मात्र बघण्यासारखी होती. आमच्या सगळ्यांचं झाल्यावर शेवटची दहा मिनिटं ती स्वतः खेळायची. तेव्हा मशीनचा वेग इतका असायचा की मला आकडा सोडा, चेंडूही दिसायचा नाही. ती तो असा सहज वळवायची की आम्ही पॅड सोडायचं विसरून जाळीला चिकटून उभ्या राहायचो.

स्पर्धा रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी, सात वाजून गेल्यावर, ती म्हणाली, "सर, शेवटचा एक." तो चेंडू मॅटच्या जोडावर पडून उसळला आणि तिचा उजवा अंगठा चेंडू आणि बॅटच्या मुठीमध्ये चेंगरला. ती ओरडली नाही. ग्लोव्ह काढून अंगठ्याकडे बघत राहिली आणि मग खाली बसली.

भाभीने तिला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. मी ड्यूटीवर गेले, पण दिवसभर माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी भाभीचा मेसेज आला. हाडाला बारीक चीर, तीन आठवडे पट्टी.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी जमलो. सोफ्यावर पट्टीचा हात उशीवर ठेवून ती बसली होती, आणि रडून झालेलं दिसत होतं. मी म्हटलं, आपण नाव काढून घेऊ.

"काढायचं नाही," ती म्हणाली. "मी बाहेर बसून सांगीन. ओपनिंगला तुम्ही आणि भाभी जा."

"मी कशी जाणार? माझ्या आधी त्या दोघी पोरी आहेत."

"त्या दोघी मारायला पाहतात ताई. चेंडू पाहणाऱ्या आपल्या टीममध्ये तुम्ही एकट्याच आहात. पहिल्या दोन ओव्हर तुम्ही फक्त पाहा. बाकी भाभी पाहून घेतील."

रविवारी सकाळी टर्फवर, म्हणजे चारी बाजूंनी जाळी लावलेल्या छोट्या मैदानावर, निम्मी सोसायटी आली होती. समोरच्या टीमने सहा ओव्हरमध्ये एकेचाळीस धावा केल्या. पॅड नव्हते, हेल्मेट नव्हतं, टेनिसचा चेंडू होता, आणि तरी माझे पाय मला नेटमधल्यापेक्षा जड वाटत होते. बोलिंग टाकणारी मुलगी उंच होती, धावत लांबून येत होती. चेंडूवर आकडा नव्हता. मी मनात म्हटलं, "एक," आणि बॅट मध्ये धरली. टक्. पुढच्याला मनात "दोन." तो जाळीपर्यंत गेला.

"पळा," भाभी ओरडत आली, आणि मी पळाले. एकवीस वर्षं खुर्चीत बसलेली मी, दात-ओठ खाऊन पळाले.

दोन ओव्हर मी राहिले. मग तिसरी, मग चौथी. पलीकडून भाभी मारत होती, मी इकडून एकेक काढत होते. तेरा धावांवर मी धावबाद झाले, कारण माझं मन पलीकडे पोचलं होतं आणि शरीर मध्येच होतं. बाहेर आले तर कॅप्टनने डाव्या हाताने मला कवटाळलं. तिच्या पट्टीचा कोपरा माझ्या मानेला टोचत होता. शेवटच्या ओव्हरमध्ये पाच हव्या होत्या. भाभीने एक चेंडू सोडला, दुसरा चुकला, आणि तिसरा थेट समोरच्या जाळीच्या वरून बाहेर, रस्त्यापलीकडच्या नारळाच्या झाडात. तो चेंडू मिळालाच नाही.

दुपारच्या मॅचमध्ये आम्ही सपशेल हरलो. मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. पण तो चेंडू मी हातातून सुटल्यापासून स्टंपला लागेपर्यंत अख्खा पाहिला, आणि तसं सांगितल्यावर कॅप्टन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नवऱ्याने घरी जाताना विचारलं, "आता संपलं ना?"

मलाही तसंच वाटत होतं. पण मंगळवारी सहाला मी जिमच्या मागच्या दारात पोचले तर भाभी आधीच पॅड बांधत होती. कॅप्टन मशीनपाशी स्टुलावर बसून डाव्या हाताने चेंडू पुसत होती. कॉलेजातल्या पोरींनी आणखी एक मैत्रीण आणली होती आणि तिने हेल्मेट उलटं घातलं होतं.

सर आम्हाला बघून म्हणाले, "स्पर्धा झाली ना? आता काय काढलंय?"

मी स्टंपपुढे उभी राहिले. कॅप्टनने चेंडू सोडला, आणि तो माझ्या अंदाजाच्या कितीतरी आधी माझ्यापाशी पोचला. सरांनी न सांगता वेग वाढवला होता. दुसरा गेला. तिसरा गेला. चौथा बॅटला लागला, कडेला, आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या.

"उद्यापासून पाचला या," सर म्हणाले. "सहाचं नेट आता दुसऱ्यांना दिलंय."

त्यांच्या तोंडून एवढं पुष्कळ होतं. मी बॅट नीट धरली आणि कॅप्टनला म्हटलं, "सोड."