तिचा रिपोर्ट तिनंच ऐकला

नवरा गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडली आणि सोलापुरात माहेरी येऊन राहिले. जुळे सोलापूर भागात आईवडिलांचं घर, वरची खोली रिकामीच होती. लोक विचारायचे, कशी आहेस? मी म्हणायचे, बरी आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. जेवण जायचं, झोप लागायची. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपला गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. बोट लावलं तर कळायचं की काहीतरी आहे, एवढंच.

काही महिन्यांनी एका ओळखीच्या ठेकेदारानं काम दिलं. सरकारी आरोग्य सेवेची एक वेबसाइट होती. तपासणीची वेळ घ्या, डॉक्टर कधी बसतात ते बघा, लॅबचे रिपोर्ट उतरवून घ्या, असली. ती दिव्यांगांनाही वापरता आली पाहिजे, असा वरून आदेश आला होता. मी आधी बँकांची ॲप्स करत असे, पण हे काम कधी केलं नव्हतं. तरी घेतलं. सकाळी दहाला जायचं आणि संध्याकाळी यायचं, एवढं मला पुरेसं होतं.

अंध माणसं पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. मी ते लावून आमची साइट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते नुसतं "बटण, बटण, चित्र, बटण" म्हणत राहिलं. कशाचं बटण, कसलं चित्र, काही नाही. मग मी एकेका बटणाला नाव देत बसले. चित्रांची वर्णनं लिहिली. कुटुंब कल्याणाच्या पानावर एका हसऱ्या जोडप्याचा दोन मुलांसकट फोटो होता. त्याच्याखाली मी लिहिलं, "चार माणसं उभी आहेत." आमच्या कामावर देखरेख करणारे साहेब म्हणाले, "अहो मॅडम, सुखी कुटुंब लिहा की." मी लिहिलं, सुखी कुटुंब.

साइट तपासायला खरी अंध व्यक्ती हवी होती. शहरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाई यायला तयार झाल्या. वय पस्तिशीचं, बारावीत असताना दृष्टी गेलेली. आवाज खणखणीत, मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्या मूळच्या मंगळवेढ्याच्या. आई त्यांच्यासोबत शहरात राहायची आणि बाई कुठंही निघाल्या की आई मागं असायचीच. पहिल्या दिवशी बाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "आई, तू बाहेर बस. हितं तुला कंटाळा येईल."

"मला कसला कंटाळा येतोय?" आई म्हणाली, पण बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

बाईंशी काम करणं सोपं होतं. चुकलं की चुकलं म्हणायच्या, उगाच गोड बोलायच्या नाहीत. "ताई, ओटीपी येतो तो ऐकून होईपर्यंत त्याची मुदत संपते." मी मुदत वाढवून घेतली. "ताई, मोकळ्या वेळा हिरव्या केल्यात म्हणे. मला हिरवं काय नि लाल काय?" मी तिथं शब्द घातले. माझं दुःख कुणाला कळू नये असं मला वाटायचं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. माझ्या आवाजावरून त्यांनी काय ओळखलं असेल ते मला माहीत नाही.

शेवटी रिपोर्ट अडले. लॅबमधून कागदाचा फोटो काढून तो साइटवर चढवत. फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरला वाचता येत नसत, त्यामुळे रिपोर्ट उघडला की नुसती शांतता. रिपोर्ट टाईप करून मजकूर म्हणूनच चढवावेत, असं मी साहेबांना सुचवलं.

"लॅबवाले किरकिर करतील," ते म्हणाले. "आणि मला सांगा, आंधळा माणूस दवाखान्यात कधी एकटा येतो का? कुणीतरी सोबत असतंच की वाचून दाखवायला."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी म्हणाले, "सर, सोबत कुणी असतं म्हणूनच तर."

त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला झालेल्या आजाराचं नाव मला सगळ्यात शेवटी कळलं होतं. मोठे डॉक्टर माझ्या दिरांना बाजूला घेऊन बोलायचे. दिरांनी सासूबाईंना सांगितलं, नणंदेला सांगितलं, तिच्या यजमानांना सांगितलं. मी त्याच्या उशाशी बसून दिवाळीनंतर कोकणात कुठं उतरायचं ते मोबाईलवर शोधत होते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की दिवाळी काही तो बघत नाही. "तुला धक्का बसू नये म्हणून," असं नंतर सगळे म्हणाले. धक्का बसलाच नाही, हे खरं. नंतर कुठलीच गोष्ट बसली नाही.

मी साहेबांच्या मागं लागले. रागानं नाही, राग यायला अंगात काहीतरी लागतं. रोज जाऊन तेच विचारायचे, एवढंच. शेवटी कंटाळून त्यांनी लॅबला फोन केला आणि नवे रिपोर्ट मजकूर म्हणून यायला लागले.

त्या आठवड्यात बाई तपासायला आल्या. आम्ही बनावट पेशंटच्या नावानं एक रिपोर्ट केला होता. त्यांनी तो आपल्या मोबाईलवर उघडला. हिमोग्लोबिन, साखर, सगळं वाचलं गेलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझा स्वतःचा एक रिपोर्ट यायचाय. आला असेल तर तो उघडून बघू?"

"बघा की. मी बाहेर थांबते."

"नको, बसा. अडलं तर कुणाला विचारू?"

त्यांच्या मोबाईलचा पडदा कायम काळा असायचा. त्यांना उजेडाची गरज नव्हती आणि शेजारच्यानं डोकावू नये म्हणून त्या तो बंदच ठेवायच्या. त्यांनी कानात इअरफोन घातला. मला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. काळ्या काचेवरून त्यांचं बोट सरकत होतं तेवढं दिसत होतं. सरकलं, सरकलं, थांबलं. मागं आलं. पुन्हा तिथंच थांबलं. मग बोटाची चाल बदलली. एकेक टिचकी, अगदी सावकाश.

त्यांनी इअरफोन काढून गुंडाळला.

"वाचलं जातंय नीट," त्या म्हणाल्या. "फक्त इंग्रजी शब्द मराठी आवाजात वाचतो, त्यामुळे एक शब्द कळेना. अक्षरं सुटी करून ऐकली. कार्सिनोमा. तेवढं उच्चाराचं बघा."

मी वहीत लिहिलं, उच्चार. लिहून झाल्यावर मला कळलं, कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. महिन्यापूर्वी त्यांच्या छातीत गाठ लागली होती आणि सरकारी दवाखान्यात तिचा तुकडा तपासायला घेतला होता, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं, एखादा धडा सांगावा तसं. दर वेळी डॉक्टर आईकडं बघून बोलायचे. "हिला दुखतं का? हिचं लग्न झालंय का?" असं.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"चहा मिळेल का? साखर जरा जास्त."

मी चहा आणला. त्यांनी पूर्ण प्यायला. मग त्याच साइटवरून डॉक्टरांची वेळ घेतली, माझी मदत न घेता. उठताना म्हणाल्या, "आईला आत्ता काही बोलू नका."

बाहेर आई बाकावरून उठली. "झालं का गं काम?"

"व्हय, झालं."

"लई येळ लागला."

"नवीन होतं ना," बाई म्हणाल्या, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरल्या.

आई चार दिवस मंगळवेढ्याला गेली होती, तेव्हा त्या एकट्या रिक्षानं जाऊन डॉक्टरांना भेटल्या. काय करायचं, कधी करायचं, कॉलेजला किती सुट्टी लागेल, सगळं विचारून घेतलं. मग रविवारी मंगळवेढ्याला गेल्या आणि आईला सांगितलं. ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. ती आधी रडली, मग चिडली.

"मला आदी का न्हाय सांगितलंस?"

"तुला आधी कळलं असतं तर तू मला सांगितलं असतंस?"

आईनं ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "न्हाय." आणि पुढं ज्वारी निवडायला लागली.

ऑपरेशन झालं. केमोथेरपी सुरू होती तेव्हा मी एकदा त्यांच्या घरी गेले. डोक्याला रुमाल बांधून त्या अंथरुणावर बसल्या होत्या आणि आई ताकातल्या कण्या घेऊन त्यांच्या मागं लागली होती. थोड्या वेळानं आई आत गेली. बाईंनी विचारलं, "ताई, तुमचं काय झालं होतं?"

मी सांगितलं. सुरुवातीपासून, एकामागून एक, दिरांचं, दिवाळीचं, कोकणाचं. कुणाला असं सलग सांगायची माझी पहिलीच वेळ होती. मधे माझा आवाज जरा हलला. त्या आवाजाचं मलाच नवल वाटलं, दुसऱ्या खोलीत कुणी बोलतंय असं. बाईंनी सांत्वन केलं नाही. म्हणाल्या, "तुम्हाला फार उशिरा सांगितलं." एवढंच. मग आईनं मलाही वाटीभर कण्या आणून दिल्या. गरम होत्या, जीभ पोळली.

रडू आलं नाही त्या दिवशी. अजूनही नीटसं आलेलं नाही.

बाई आता पुन्हा कॉलेजात शिकवतात. केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे, असं त्यांची आई सांगते. दर काही महिन्यांनी तपासणी असते, रिपोर्ट येतो, त्या तो ऐकतात आणि मग कुणाला सांगायचं ते ठरवतात. एखादे वेळी मलाही फोन येतो. "ताई, नॉर्मल आहे."

माझं काम पुढं चालू राहिलं. आता गरोदरपणातल्या काळजीचे व्हिडिओ बहिऱ्या बायकांना समजावेत म्हणून त्यांच्याखाली शब्द घालते आहे. डॉक्टरीणबाई भराभर बोलतात, मी थांबवून थांबवून ऐकते आणि टाईप करते.